नळकांड्याची दुसरी चमक

३ ऑक्टोबर १९९९, रविवार

पावसाळा संपल्यावर आज पहिल्यांदा आकाश मोकळं मिळालं आणि पहिल्याच दिवशी माझी झोप उडाली. म्हणून ही वही. मराठीत लिहितेय, कारण शाळेत मी विज्ञान मराठीतूनच शिकवते. खरं कारण वेगळं आहे. अब्बांना उर्दू वाचता येतं, मराठी येत नाही. गोल बाजारात देवरावांच्या भांड्यांच्या दुकानात बसून ते चाळीस वर्षं लोकांच्या ताटवाट्यांवर मराठी नावं घालताहेत, पण गिऱ्हाइकाने चिठ्ठीवर लिहून दिलेली अक्षरं पाहून ती चित्रासारखी उतरवतात. रुखमा लिहिलंय की रामाजी, याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं.

तर झालं असं. रॉकेट उपग्रहाला वर सोडतं आणि त्याचा रिकामा टप्पा तसाच पृथ्वीभोवती कोलांट्या खात फिरत राहतो. अशा एका जुन्या रशियन टप्प्याला मी नळकांडं म्हणते. दिवेलागणीनंतर खाली अंधार आणि वर अजून ऊन असतं, तेव्हा ते चालत्या ताऱ्यासारखं जातं. कोलांटी खाताना अंगावर ऊन पडलं की चमकतं, मग पुन्हा मंद. दोन चमकांमधला वेळ मोजला की ते किती वेगाने गरगरतंय ते कळतं. नाशिकला हौशी निरीक्षकांचं एक मंडळ आहे, त्याचे चिटणीस टिकेकर कोणतं नळकांडं कधी कुठून जाईल याचे तक्ते पोस्टाने पाठवतात आणि आम्ही त्यांना आकडे पाठवतो.

आम्ही म्हणजे मी आणि अब्बा. अब्बा गच्चीवर खाटेवर उताणे पडून बघतात आणि चमकलं की "हां" म्हणतात. मी खाली मान घालून, लाल पतंगी कागद लावलेल्या टॉर्चच्या उजेडात स्टॉपवॉचचा काटा वाचते. माझा चष्मा जाड, त्यात टॉर्चने डोळे दिपलेले, त्यामुळे मी वर पाहायच्या भानगडीत पडत नाही. पाहायची गरजही नाही. बाबूभाईंनी, म्हणजे अब्बांनी, ईदचा चांद पाहिला म्हणजे मोहल्ल्याने पाहिला, अशी त्यांच्या नजरेची पत आहे.

मार्चमध्ये नळकांडं साडेचार सेकंदांनी चमकायचं. आज नऊ सेकंदांनी चमकलं. बरोबर दुप्पट. म्हणजे चार पावसाळी महिन्यांत त्याचं गरगरणं निम्म्यावर आलं, आणि हे आख्ख्या देशात सगळ्यात आधी आमच्या गच्चीवरून टिपलं गेलं. अब्बांना सांगितलं तर म्हणाले, "थकलं असंल बिचारं." आणि खाली उतरून गेले. मला मात्र बसवत नाही. छत्तीस वर्षांत माझ्या नावावर साधं रेशनकार्डही झालेलं नाही.

९ ऑक्टोबर, शनिवार

नाशिकला पत्र टाकलं. तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिलं, कारण पहिल्या तिन्हींत शेखी दिसत होती. चौथ्यातही आहे, पण जरा झाकलेली.

येताना दुकानावर गेले. अब्बा नमाजला गेले होते. देवरावांनी मला बाजूला घेतलं. "बाई, राग नका मानू. आशाबाईच्या स्टीलच्या गंजावर बाबूभाईनं नाव दोनदा घातलं, एकावर एक. काय लिवलं तेच समजत नाई. गंज बदलून द्या लागला मले."

मी म्हटलं, नाव घालायचं ते बिजलीचं पेन तुम्ही कधी घेतलं होतं? त्याचा आवाज ऐका, गिरणी बरी. ते झटके मारतं, अब्बा काय करतील? देवराव काही बोलणार होते, पण माझा चेहरा पाहून गप्प बसले. घरी अब्बांना विचारलं तर तेही म्हणाले, पेनच झटके मारतंय. मी देवरावांना बरोबर सुनावलं होतं तर.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

टिकेकरांचं पत्र. नागपूरच्या आणि सोलापूरच्या निरीक्षकांना नळकांडं अजून साडेचार सेकंदांनीच चमकताना दिसतंय. 'आपण पुन्हा तपासून पाहावे.' तपासून पाहावे! आम्ही काय डोळे मिटून बसतो? चंद्रपूरच्या नगरपालिकेची एक शिक्षिका आणि भांड्यांवर नावं घालणारे तिचे वडील यांचं म्हणणं नाशिकच्या माणसाला पटेलच कसं?

गेल्या पंधरवड्यात पाच वेळा मोजलं. पाचही वेळा नऊ. परवा तर अब्बांनी एक 'हां' दोन चमकांच्या अगदी मधोमध म्हटलं आणि मग म्हणाले, "नाई, नाई, ते खोडून टाक. वाटलं मले नुसतं." मी खोडलं. अब्बा असे प्रामाणिक आहेत, एकही चमक उगाच पदरची टाकत नाहीत.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

धानोऱ्याच्या पलीकडच्या आश्रमशाळेत, निशाकडे. डी.एड.ला आम्ही एका बाकावर होतो. दिवाळीच्या सुट्टीत ती गावी गेली नाही, म्हणून मीच गडचिरोलीवरून एसटी धरून आले. शाळेत पोरं नाहीत, फक्त निशा आणि स्वयंपाकीण बुधरी. वीज दुपारीच गेली आणि कोणाला त्याचं काही वाटलंही नाही. अंधार पडल्यावर वर पाहिलं तर आकाशात एवढी गर्दी की मला ओळखीचे तारेच सापडेनात.

नळकांडं यायच्या आधी निशाला म्हटलं, तू वर बघ, मी घड्याळ धरते. ती म्हणाली, "माझी मान धरली आहे बाप्पा, पापड लाटून लाटून. घड्याळ मले दे." म्हणून वर्षानंतर मी स्वतः वर पाहिलं.

ते जंगलामागून निघालं. मोठी चमक. मग, मी खाली पाहायच्या आत, मध्येच एक बारीक चमक. मग मोठी. पुन्हा बारीक. एक ठसठशीत, एक मिणमिणती, आळीपाळीने. माझ्या जाड चष्म्यातूनही दोन्ही दिसल्या. निशाने आकडे वाचले: साडेचार, साडेचार, साडेचार. बुधरीने चुलीपुढूनच विचारलं, "मास्तरीन, ते काय पाहून राह्यले तुम्ही?" निशाने सांगितलं, रशियाचं नळकांडं. बुधरी म्हणाली, "मंग घेऊन काऊन नाई जात ते लोक?"

मला आधी रडू आलं, कारण माझा शोध गेला. मग पांघरुणात पडल्या पडल्या डोक्यात प्रकाश पडला. चंद्रपूरची हवा! कोळशाची धूळ, वीज केंद्राचा धूर. मोठी चमक त्यातून पार होते आणि बारीक चमक धूर गिळून टाकतो. म्हणून आमच्या गच्चीवरून एकच दिसते. एक शोध गेला तरी दुसरा लागला. उद्याच्या गाडीने परत निघते, इथे आता बसवणार नाही.

२८ नोव्हेंबर, रविवार

धुराचा सिद्धांत नाशिकला कळवला होता, त्याचं उत्तर आलं. टिकेकरांचा स्वर मऊ आहे आणि म्हणूनच जास्त झोंबतो. लिहितात, 'मार्चमध्येही आपण चंद्रपुरातूनच पाहत होता आणि तेव्हा दोन्ही चमका नोंदल्या होत्या. एकदा आपण दोघांनी कामांची अदलाबदल करून पाहाल का?'

उंटावरचे शहाणे. मार्चपेक्षा आता धूर वाढला असेल, हे त्यांना सुचत नाही. तरी दाखवून द्यावं म्हणून अब्बांना म्हटलं, आज तुम्ही काटा वाचा, मी वर बघते. अब्बा एकदम उखडले. "तुझ्या त्या टॉर्चच्या उजेडात काटा कोण पाहील? मले नाई जमत. आकाश माझं, घड्याळ तुझं. पह्यल्यापासून तसंच ठरलं आहे." इतके कधी उखडत नाहीत. वय झालं की माणूस हट्टी होतं, दुसरं काय? मी हट्टी आहे ती कोणाची मुलगी म्हणून?

मोजलं. नऊ सेकंद. आता तर मध्ये एखादी मोठीसुद्धा चुकते. धूर वाढतोय.

९ डिसेंबर, गुरुवार

रमजानचा चांद झाला. गच्चीवर मी, अब्बा आणि शेजारच्या हाजराखाला. खालाच्या आणि आमच्या गच्चीमध्ये हातभर उंच भिंत आहे, ती त्या ओलांडून येतात आणि येताना दरवेळी भिंतीला शिव्या घालतात. चांद मोठा होता, खालाने आधी पाहिला, मग मी. गल्लीतून लोकांनी ओरडून विचारलं, "बाबूभाई, हो गया क्या?" अब्बांनी मान उंचावून सांगितलं, "मुबारक हो." फक्त त्यांचं तोंड चांदापेक्षा बरंच डावीकडे, पाण्याच्या टाकीकडे होतं. मी चिडवलं, अब्बा, टाकीला सलाम करताय का? ते हसले नाहीत. रोज्यांच्या आधीच चिडचिड सुरू.

१९ डिसेंबर, रविवार

काय लिहू? लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

इफ्तार आणि नमाज आटोपून वर गेलो. मोजायला सुरुवात केली आणि टॉर्चचे सेल संपले. काटा दिसेना म्हणून मी नुसतं बटण दाबायच्या तयारीत मान वर करून बसले. डोळे अंधाराला सरावले आणि नळकांडं सापडलं. मोठी चमक, बारीक चमक, मोठी, बारीक. आमच्या गच्चीवरून. धुरातून. लख्ख. अब्बा बारकीला गप्प होते. मोठीला "हां" म्हणत होते, पण कधी जरा आधी, कधी जरा नंतर.

मग ते पूर्वेला रोहिणीच्या लाल ताऱ्यापाशी आलं, पृथ्वीच्या सावलीत शिरलं आणि विझलं. दिसेनासंच झालं. मी म्हणणार होते, गेलं.

अब्बा म्हणाले, "हां."

थोडं थांबून पुन्हा, "हां."

रिकाम्या आकाशाकडे पाहून, त्याच लयीत, न चुकता. आणि मी प्रत्येक 'हां'ला बटण दाबत राहिले. काय करणार होते? शेवटी त्यांनी विचारलं, "झालं का पुरं?" मी म्हटलं, झालं अब्बा. "कसं होतं आज?" मी म्हटलं, चांगलं होतं. त्यांनी खाटेची कड चाचपली, मग जिन्याची भिंत चाचपली आणि खाली गेले. हे चाचपणं मी कितीतरी दिवस पाहतेय. गंजावरचं नाव पाहिलं, टाकीला केलेला सलाम पाहिला. वर उडणाऱ्या डब्याचं गरगरणं कमी झालं का जास्त, हे मी सेकंदांत मोजत होते आणि शेजारी माझा बाप आंधळा होत होता, ते मला कळलं नाही. मला माझी शरम वाटते.

२३ डिसेंबर, गुरुवार

चार दिवस तोंड उघडलं नाही. आज इफ्तारनंतर सरळ विचारलं, अब्बा, दिसत नाही ना?

ते खजूर चघळत राहिले. मग म्हणाले, "मोतीया आहे. दिवाळीच्या आधी देवराव डॉक्टरकडं घेऊन गेला होता. पिकला का काढतील. तुले कायले सांगाचं? तू तिकडं पत्रं लिहून राह्यली, खूश होती. तुह्या आकड्यात खोट नको म्हणून जेवढं दिसे तेवढंच सांगत होतो. मंग तेवढंबी दिसेना."

मोतीबिंदू! मला हसू आणि रडू एकदमच आलं. मोतीबिंदू म्हणजे काय, अर्ध्या चंद्रपूरचा काढलाय. खालाचा काढला तेव्हा तिसऱ्या दिवशी त्या तांदळातले खडे वेचत होत्या. ईद झाली की अब्बांचाही काढून टाकू. म्हटलं, आधी सांगायचं ना. ते म्हणाले, "आता सांगितलं ना." माझाच बाप.

३ जानेवारी २०००, सोमवार

सगळं जग नव्या हजार वर्षांच्या गप्पा मारतंय. शाळेत मुलांनी फळ्यावर दोन हजार लिहून त्याला फुगे बांधले होते.

दुकानात देवरावांना म्हटलं, ऑपरेशनला तुम्ही सोबत याल ना? त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. "कायचं ऑपरेशन, बाई? डॉक्टरनं तं काळा मोतीया म्हटलं होतं. थेंब देले होते, रोज टाका म्हटलं. बाबूभाईनं एक शिशी टाकली अन् बंद केले. म्हणे, थेंबानं मोतीया पिकत नाई, कच्चाच राहते. पिकू दे लवकर, म्हंजे काढता येईल."

काळा मोतीया म्हणजे काचबिंदू. तो पिकत नाही. तो काढता येत नाही. जेवढी नजर नेतो ती परत देत नाही, आणि जी उरते ती फक्त त्या थेंबांनी टिकते. सातवीच्या मुलांना मी हे शिकवते. 'मोतीया' एवढाच शब्द अब्बांनी ऐकला, काळा आहे म्हणजे पिकायला जरा जास्त दिवस घेईल असं धरलं, आणि दोन महिने थेंब न टाकता अंधाराची वाट पाहत बसले. लवकर ये म्हणून.

संध्याकाळी त्यांना घेऊन डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं: एक डोळा गेलाच, दुसऱ्यात मधली थोडी फट उरली आहे, तीही मंद. अब्बा बाहेर बाकावर बसले होते. त्यांना एवढंच म्हटलं की थेंब टाकावे लागतील. "मोतीया पिकाचं काय मंग?" म्हणाले. मी म्हटलं, ईदनंतर बघू. माझी जीभ रेटली नाही.

७ जानेवारी, शुक्रवार

आज एकोणतिसावा रोजा होता. चांद दिसला तर उद्या ईद, नाही तर परवा.

मी शाळेच्या दिनदर्शिकेवरून काढून ठेवलं होतं, आजचा चांद म्हणजे दिसला तर नशीब, इतका कोवळा. वर पश्चिमेला ढगांचे पट्टे. अब्बा नवा कुर्ता घालून गच्चीवर आले. मी म्हटलं, आज नका येऊ, थंडी आहे. "चांद पाह्यल्याबिगर कधी खाली बसलो का मी?" म्हणाले. हाजराखाला भिंतीला शिव्या घालत आल्या.

सूर्य बुडाला. कोणालाच काही दिसेना. खाला जायला निघाल्या, आणि तेवढ्यात ढगांच्या फटीत, चांद असायला हवा त्याच्या थोडं वर, एक ठिणगी पेटली. वाढत वाढत शुक्राच्या कितीतरी पट झाली, क्षणभर थांबल्यासारखी वाटली, मग मंदावत ढगात गेली.

मी ती ओळखली. दोन-तीन वर्षांपूर्वी फोनसाठी बरेच उपग्रह वर सोडले, त्यांना आरशासारखे सपाट पत्रे आहेत. पत्रा नेमका आपल्याकडे झाला की ऊन डोळ्यांवर येतं, शेजारची पोरं आरशाने भिंतीवर कवडसा पाडतात तसं. टिकेकरांच्या जानेवारीच्या तक्त्यात ही चमक असणार. तक्ता मी उघडलाच नव्हता.

अब्बा उभे होते तिथेच थिजले होते. "दिसला," ते म्हणाले. आवाज लहान मुलासारखा. "नाहीद, मले दिसला."

मी तोंड उघडेपर्यंत खालाने खाली हाळी दिली होती. पोरांनी फटाके लावले. पाच मिनिटांत मशिदीतून हाफिजसाहेब आणि कमिटीचे जुबेरभाई जिना चढून आले. शहरात कोणालाच चांद दिसला नव्हता, नागपूरहून फोनवरही नाही म्हणत होते. पण आभाळ ढगाळ असलं की दोन पुरुषांची किंवा एक पुरुष आणि दोन बायकांची गवाही पुरते. बाबूभाईंची तर होतीच. खाला म्हणाल्या, "उजाला तो मैंने भी देखा." मग हाफिजसाहेब माझ्याकडे वळले. "बेटी, तुमने?"

अब्बा हसत होते. कित्येक महिन्यांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मी हो म्हटलं असतं तर शेकडो लोकांचा शेवटचा रोजा बुडाला असता. नाही म्हटलं तर या माणसाकडे काय उरणार होतं?

मी म्हटलं, "उजेड मीही पाहिला. तो चांद नव्हता. उपग्रह होता."

जुबेरभाई म्हणाले, "बाई, बाबूभाई तीस साल से चांद देख रहे हैं. उन से गलती होगी?" अब्बांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी माझ्या दिशेने तोंड केलं. "पक्कं सांगते?"

"पक्कं, अब्बा."

अब्बा वळले. मग हाफिजसाहेबांना म्हणाले, "माझी गवाही घेऊ नका. गवाही डोळ्याची असते. माझे डोळे गेले, सहा महिने होत आले. मोहल्ल्याले सांगितलं नाई, ते माझं चुकलं. तिचं धरा. तिले दिसते."

हाफिजसाहेबांनी अब्बांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि खाली गेले. खालाला राग आला होता, त्यांनी मेंदी भिजवली होती. मशिदीच्या भोंग्यावरून सांगितलं, चांद नहीं हुआ. गल्लीतून एक पोरगा म्हणाला, बाबूभाई अंधे हो गये. आम्ही दोघांनी ते ऐकलं.

९ जानेवारी, रविवार, ईद

काल चांद सगळ्यांना दिसला. अब्बा वर गेले नाहीत. आज ईदगाहला जुबेरभाई हात धरून घेऊन गेले. दुपारभर लोक येत राहिले, शीरखुर्मा खाऊन गेले, डोळ्यांचा विषय कोणी काढला नाही, आणि तेच जास्त जड गेलं.

चारच्या सुमारास घर रिकामं झालं तेव्हा अब्बा म्हणाले, "आता ऑपरेशनचं पाहू."

आता टाळणं शक्य नव्हतं. मी सगळं सांगितलं. काळा मोतीया पिकत नाही. गेलेलं येत नाही. उरलेलं थेंबांनी टिकेल, कदाचित. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे मीच घालवले." मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, मी रडत बसले. रात्री थेंब टाकायला गेले तर त्यांनी तोंड फिरवलं. "कायले? काय उरलं आहे वाचवाले?"

११ जानेवारी, मंगळवार

थेंब नाही. दुकान नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मी शाळेतून धावत येते आणि दारात आल्यावर आत जायची हिंमत होत नाही. खालाने येऊन समजावलं, देवराव येऊन बसून गेले. भिंत हलेल, अब्बा हलणार नाहीत.

आज रोटी खाताना एकदम म्हणाले, "नाहीद, तो उजेड कायचा होता म्हणलं तू?"

मी आरशाचं सांगितलं. त्यांनी रोटीचा तुकडा मोडला. मग, "लई तेज होता. कित्येक दिस झाले, मले आभाळात काई दिसलं नाई. चांदबी नाई. त्या दिशी तेवढंच दिसलं." पाणी प्यायले. "तो पुन्हा येते का?"

माझ्या बापाची तीस वर्षांची पत ज्याने घालवली त्याची चौकशी. मी उठून टिकेकरांचा तक्ता शोधला. परवा संध्याकाळी, वायव्येला, आणि शुक्रवारपेक्षा जास्त तेज.

१३ जानेवारी, गुरुवार

आकाश स्वच्छ. अब्बांना जिन्यावरून हाताला धरून वर नेलं. त्यांनी धरू दिलं, हेही पहिल्यांदाच. तक्त्यात दिलेल्या दिशेला त्यांना उभं केलं, दोन्ही कानांवर हात ठेवून तोंड बरोबर वळवलं. जी फट उरली आहे, तिच्यासमोर ते यायला हवं होतं. घड्याळ मी खालीच विसरले.

ते पेटलं. मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला असता आणि मला तो नको होता. मी त्यांच्याकडे पाहत राहिले, आकाशाकडे नाही. उजेड वाढला तसं त्यांचं तोंड आपोआप उत्तरेकडे सरकू लागलं, माझ्या हातांत, माझ्या मदतीशिवाय, त्याच्या मागोमाग. ते विझेपर्यंत सरकत होतं. मग थांबलं.

"गेला," अब्बा म्हणाले.

खालाच्या घरात कुकरची शिट्टी झाली. अब्बा म्हणाले, थंडी वाजते, चल. खाली येऊन ते खाटेवर बसले आणि स्वतःच मान मागे टाकली. "ते थेंब कुठी ठेवले? टाकून दे."

पहिला थेंब गालावर गेला. दुसरा डोळ्यात पडला.